नळी लांब म्हणून गोळी वेगवान?

प्रश्न : एन.सी.सी.मध्ये असताना, बंदुकीची नळी जितकी लांब तितका गोळीचा वेग जास्त, असे ऐकले होते. मग नळी दुप्पट लांब केली तर वेगही दुप्पट होतो का? ऑलिंपिकमधील रायफली एवढ्या लांब असतात, त्या वेगासाठीच का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नळीच्या लांबीबरोबर वेग वाढतो हे बहुतांशी खरे आहे, पण तो लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, आणि एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतोही. चाप ओढल्यावर काडतुसातील दारू पेटते आणि तिच्या जळण्यातून निर्माण झालेला वायू गोळीला मागून रेटतो. गोळी नळीबाहेर पडली की हा रेटा जवळजवळ संपतो, म्हणून लांब नळीत तो अधिक अंतरभर मिळतो. मात्र तो सर्वत्र सारखा नसतो. गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकते तोच दाब शिखर गाठतो (सैनिकी रायफलींत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो), आणि त्यानंतर गोळीमागची जागा वाढत गेल्यामुळे तो झपाट्याने उतरतो.

एकच काडतूस वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांतून सुटले तर काय होते, हे रशियन शस्त्रांवरून चांगले समजते. १९७४ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेल्या एके-७४ रायफलीची नळी ४१५ मिलिमीटरची असून तिच्या ५.४५ मिलिमीटर गोळीचा नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर असतो. रणगाड्यांत व वाहनांत बसणाऱ्यांसाठी केलेल्या एकेएस-७४यू या आखूड बंदुकीची नळी याच्या निम्मी, म्हणजे २०६.५ मिलिमीटर, तिच्यातून तीच गोळी ७३५ मीटर वेगाने सुटते. आरपीके-७४ या हलक्या मशिनगनची नळी ५९० मिलिमीटर आणि वेग ९६० मीटर. म्हणजे आखूड नळीत पहिल्यांदा घातलेल्या सुमारे २०८ मिलिमीटरने १६५ मीटर मिळवून दिले, तर त्यापुढच्या १७५ मिलिमीटरने अवघे ६०. आखूड बंदुकीतील १८ टक्क्यांची ही तूट किरकोळ वाटेल, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे गोळीत ऊर्जा उरते ती दोन-तृतीयांशच. शिवाय बराच दाब शिल्लक असताना वायू बाहेर पडतो, त्यामुळे आवाज आणि ज्वाळा दोन्ही वाढतात.

असे आकडे ताडून पाहताना एक काळजी घ्यावी. रायफलीच्या नळीची लांबी काडतुसाची जागा धरून मोजतात, त्यामुळे गोळीचा खरा प्रवास त्याहून कमी असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र फिरत्या सिलिंडरच्या पुढची नळीच तेवढी मोजली जाते.

लांबीचा किती उपयोग होईल, हे मुख्यतः दारू किती आहे यावर ठरते. आपण एन.सी.सी.मध्ये वापरली असेल त्या पॉइंट टू-टू रायफलीच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते, की सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटरनंतर वायूचा रेटा घर्षणापुढे कमी पडू लागतो. त्यापुढे नळी वाढवल्यास वेग वाढण्याऐवजी थोडा घटू शकतो. तोफांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांच्या नळीची लांबी गोळ्याच्या व्यासाच्या पटीत सांगतात; त्या हिशेबाने १५५ मिलिमीटरच्या, ३९ कॅलिबरच्या बोफोर्सची नळी सुमारे सहा मीटर, ४५ कॅलिबरच्या ‘धनुष’ची सुमारे सात, आणि पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेल्या ५२ कॅलिबरच्या ‘एटॅग्स’ची सुमारे आठ मीटर भरते. पण ‘एटॅग्स’मध्ये नुसती नळी वाढवून भागलेले नाही. ३९ कॅलिबरच्या नाटो पद्धतीच्या तोफेत दारूचा कक्ष सुमारे १९ लिटरचा असतो, तर हिच्यात तो २५ लिटरचा आहे. जास्त दारू आणि तिचा जोर पुरा वापरून घेणारी लांबी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पल्ला वाढतो.

ऑलिंपिकच्या रायफलींचे कारण वेगळे आहे. ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात आपल्या जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्यात हीच पॉइंट टू-टू गोळी असते आणि स्पर्धेसाठीच्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा (सेकंदाला सुमारे ३४० मीटर) मुद्दाम कमी ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळू शकते. लांबीचा फायदा नेम धरण्यात होतो. पुढची आणि मागची साइट यांतले अंतर जितके जास्त, तितकी हाताची बारीक चूकही डोळ्याला लवकर कळते. त्यासाठी गोळीची नळी लांब असायलाच हवी असे नाही; उलट आखूड नळी अधिक ताठ राहते. म्हणून अनेक नेमबाज नळी बेताचीच ठेवून तिच्या तोंडाला एक पोकळ, आतून रुंद नळकांडे जोडतात आणि पुढची साइट त्यावर बसवतात. दुरून दिसणाऱ्या लांबीतल्या या भागाला गोळीचा स्पर्शही होत नाही.