देवाला ‘तो’ का म्हणायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सात वर्षांच्या नातीने विचारले, “आजी, देव मुलगा आहे का? मग तू त्याला ‘तो’ का म्हणतेस?” देवीही असते, असे मी सांगितले, पण तिचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही. देवाला लिंग असते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नातीने एका दमात दोन प्रश्न विचारले आहेत. देव पुरुष आहे का, हा एक. भाषा त्याला ‘तो’ का म्हणते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ती एकत्र केली की गोंधळ होतो.

पहिल्याचे उत्तर उपनिषदांनी स्वच्छ दिले आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात परमात्म्याला उद्देशून म्हटले आहे, ‘त्वं स्त्री त्वं पुमानसि त्वं कुमार उत वा कुमारी’. स्त्री तू, पुरुष तू, मुलगा तू, मुलगीही तूच. गीतेच्या नवव्या अध्यायात (9.17) श्रीकृष्ण स्वतःला जगाचा पिता म्हणतो आणि त्याच ओळीत माताही म्हणतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी ईशावास्य उपनिषदाचा आठवा मंत्र बघा : ‘स पर्यगाच्छुक्रमकायमव्रणम्’. सुरुवातीचा ‘स’ म्हणजे ‘तो’, सरळ पुल्लिंगी. लगेच पुढे ‘अकायम्’, म्हणजे ज्याला शरीर नाही असे, आणि हा शब्द नपुंसकलिंगी. पुढे ‘कवि’, ‘मनीषी’ हे पुन्हा पुल्लिंगी. एकाच वाक्यात लिंग दोनदा बदलले! शंकराचार्यांनी भाष्यात याची दखल घेतली आहे : मंत्राचा आरंभ आणि शेवट पुल्लिंगी आहे, म्हणून मधले नपुंसकलिंगी शब्दही पुल्लिंगी करून वाचावेत, असे ते सांगतात. त्यांनी हा प्रश्न व्याकरणाचा म्हणून सोडवला. ज्याला देहच नाही त्याच्या देहाचे लिंग काय, असा प्रश्न तिथे उरतच नाही.

मराठीतही तेच आहे. ‘देव’, ‘ईश्वर’, ‘परमेश्वर’ हे शब्द पुल्लिंगी म्हणून ‘तो’. ‘शक्ती’ म्हटले की ‘ती’. ‘ब्रह्म’, ‘चैतन्य’, ‘दैवत’ म्हटले की ‘ते’. ‘देवता’ शब्द तर संस्कृतातही स्त्रीलिंगीच आहे. गणपती अथर्वशीर्षात आपण ‘गणपतिर्देवता’ म्हणतो, तेव्हा गणपतीसाठी स्त्रीलिंगी शब्द वापरतो आणि कोणाला खटकत नाही. नातीला सांगायला सोपे उदाहरण घरातलेच आहे. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी. आपण ‘ते मूल’ म्हणतो, पण प्रत्यक्षात ते मुलगा किंवा मुलगी असते. शब्दाचे लिंग वेगळे, ज्याच्याबद्दल बोलतो त्याचे वेगळे.

आणखी एक बारकावा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीत ‘तो’ आणि नपुंसकलिंगी ‘ते’ यांना विभक्तीचे प्रत्यय लागले की दोन्हींची रूपे एकच होतात : त्याने, त्याला, त्याचा, त्याच्यात. ‘ब्रह्म सर्वत्र आहे, त्याला आकार नाही’ या वाक्यातला ‘त्याला’ नपुंसकलिंगी आहे, पण कानाला पुरुषच ऐकू येतो.

मात्र सगळा भार व्याकरणावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राजा, धनी, स्वामी, पिता ही देवाची रूपके त्या त्या समाजातल्या सत्तेच्या जागांवरून आली, आणि त्या जागांवर बहुतेक पुरुष होते. ही सवय माणसांची आहे, ती बदलता येते. राम, कृष्ण, तुळजाभवानी यांची गोष्ट निराळी. तिथे ठरावीक रूपाची उपासना आहे, म्हणून त्या रूपाचे सर्वनाम. देवी अथर्वशीर्षात देवी स्वतः ‘अहं ब्रह्मस्वरूपिणी’ म्हणते. म्हणजे शाक्तांसाठी, शक्तीच्या उपासकांसाठी, अंतिम तत्त्वही ‘ती’च. त्यामुळे ‘देवीही असते’ हे तुमचे उत्तर चुकीचे नव्हते, फक्त अर्धे होते.

प्रश्न : विठ्ठल हा रखुमाईचा पती. मग त्याला ‘विठाई’, ‘माउली’ म्हणणे हे नुसते लाडाने का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : लाड आहेच, पण नुसता लाड नाही. जनाबाई ‘येगे येगे विठाबाई, माझे पंढरीचे आई’ अशी हाक मारते आणि तीच जनाबाई ‘धरिला पंढरीचा चोर’ असेही म्हणते. ‘विठो माझा लेकुरवाळा’ हा तिचा अभंग नीट ऐका. ‘विठो’ पुल्लिंगी, ‘माझा’ पुल्लिंगी. पण ‘लेकुरवाळी’ आपण बाईला म्हणतो, अंगाखांद्यावर पोरे असलेल्या आईला. जनाबाईने तो शब्द पुल्लिंगी करून विठोबाला दिला आणि पुढच्याच ओळींत निवृत्तीला त्याच्या खांद्यावर बसवले, सोपानाचा हात त्याच्या हातात दिला. विठोबाचे पुरुषपण काढून न घेता त्याच्याकडे आईचे काम सोपवले. नामदेव तर ‘तू माझी माउली, मी वो तुझा तान्हा’ म्हणत पांडुरंगाकडे प्रेमाचा पान्हा मागतात. वारकऱ्यांनी हे शेकडो वर्षांपूर्वी केले आहे. देवाला स्त्रीलिंगी हाक मारणे ही कुठून तरी आणलेली नवी टूम आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा दिंडीत चालावे.

प्रश्न : अर्धनारीश्वर म्हणजे देव अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री, असेच ना?
— एक वाचक, उरण

उत्तर : शिल्पात तसे दिसते, पण अर्थ बेरजेचा नाही. तुमच्या जवळच्या घारापुरीला त्रिमूर्तीच्या शेजारीच हे शिल्प आहे. मूर्तीची उजवी बाजू शिवाची, तो हात नंदीवर टेकलेला. डावी बाजू पार्वतीची, त्या बाजूच्या वरच्या हातात आरसा. बघताना लोक इथे चुकतात : मूर्तीची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. देह एकच आहे, तोल एकच आहे. शिव आणि शक्ती वेगळे काढता येत नाहीत, हे दगडात सांगायचा हा मार्ग.

प्रश्न : ख्रिस्ती आणि मुस्लीम धर्मांत देव पुरुषच मानतात का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही. हिब्रू आणि अरबी या दोन्ही भाषांत नपुंसकलिंग नाही. ‘तो’ किंवा ‘ती’ यांतून निवडावेच लागते. अरबीत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे. कुराणात अल्लाहसाठी पुल्लिंगी ‘हुव’ येते, पण त्याच्यासारखे काहीच नाही (42:11) असेही तिथेच म्हटले आहे, आणि तो कोणाला जन्म देत नाही, कोणापासून जन्मलेला नाही (सूरह 112).

बायबलच्या यशया ग्रंथात (66:13) देव म्हणतो, आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन. कॅथलिक चर्चच्या 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद 239 मध्ये, देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही ‘पिता’ हे संबोधन राहते, कारण येशूने प्रार्थना शिकवली ती ‘पिता’ म्हणून. तिथे कारण केवळ व्याकरणाचे नाही, श्रद्धेचे आहे.

प्रश्न : बालवाडीसाठी रोजची प्रार्थना लिहायची आहे. देव ‘तो’ही नको, ‘ती’ही नको. कसे जमवावे?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : देवाबद्दल न लिहिता देवाशी बोला. ‘तू’ला लिंग नाही, अडचण क्रियापदात येते. ‘तू देतोस’, ‘तू येतेस’, ‘तू आलास’ इथे लिंग लगेच उघडे पडते. पण ‘तू आहेस’, ‘तू देशील’ आणि आज्ञार्थी ‘दे’, ‘राख’, ‘शिकव’ यांत ते नसते. भूतकाळात सकर्मक क्रियापद घ्या, ते कर्माप्रमाणे बदलते : ‘तू प्रकाश दिलास’, ‘तू बुद्धी दिलीस’, ‘तू अन्न दिलेस’. रीत सांगायची असेल तर ‘तू सांभाळतोस’ऐवजी ‘तू आम्हाला सांभाळ’ म्हणा.

विशेषणे न बदलणारी निवडा : दयाळू, प्रेमळ, थोर. ‘मोठा’, ‘चांगला’, ‘दाता’, ‘पालनकर्ता’ टाळा. ‘देवा’ ही हाकसुद्धा पुल्लिंगी आहे. त्यामुळे पहिली ओळ ‘तू’नेच सुरू करा.

‘तो/ती’ असे तिरक्या रेघेने लिहू नका, ते गाता येत नाही. ‘ते’ही वापरू नका; मुलांना ते आदरार्थी पुरुष वाटते, नाहीतर वस्तू. आणि एवढे करूनही चाल बसेना, तर एका कडव्यात ‘आई’ आणि दुसऱ्यात ‘बाबा’ अशी हाक घ्या. मुलांना ते सर्वांत लवकर कळते.