ताप अंगात, कार्यक्रम तोंडावर

‘ताप आहे, घसा बसलाय, झोपेचा पत्ता नाही. पण आज कार्यक्रम आहे. मी नाही म्हटलं तर बाकीच्यांचं काय?’ बँडमध्ये गाणारी-वाजवणारी माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकदा तो कार्यक्रम होऊन गेलेला असतो. त्यांना पुढच्या वेळची धास्ती असते. इथे सांगतेय ती हकिगत एका गायिकेची. तिची ओळख पटेल असे तपशील तिच्या संमतीने बदलले आहेत.

पाच जणांचा बँड, ती मुख्य गायिका. लागोपाठ तीन कार्यक्रम आणि मधल्या रात्री प्रवासात. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचं अंग मोडून आलं, दुपारपर्यंत ताप 101च्या पुढे गेला. गोळी घेऊन तिने तो कार्यक्रम रेटला. तिसऱ्या दिवशी मध्यंतरानंतर एका वरच्या सुरावर आवाज मधेच तुटला, तो परत आलाच नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही स्वरतंतू सुजलेले आणि एकावर रक्तस्राव. त्यांनी पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजतानाही घशावर ताण येतो.

मौन चालू असतानाच तिच्या बहिणीने तिला माझ्याकडे आणलं, कारण तिला झोप लागेना आणि बँडच्या ग्रुपवर मेसेज वाजला तरी छातीत धडधडायचं. आमची पहिली भेट वहीवर झाली. मी विचारायचं, तिने लिहायचं. पेन इतकं दाबून लिहायची की मागच्या पानावर अक्षरं उमटायची.

मी विचारलं, “दुसऱ्या दिवशी दुपारी तू आजारी आहेस हे कुणाकुणाला माहीत होतं?”

तिने लिहिलं, ‘सगळ्यांना.’ थोडं थांबून ते खोडलं. खाली लिहिलं, ‘गिटारवाल्याला. थोडंसं.’

“त्याला नेमकं काय सांगितलं होतंस?”

‘जरा कणकण आहे.’

अंगात सणसणून ताप, गिळताना घशात काचा टोचल्यासारखं होतंय, आणि बँडला कळलंय काय, तर जरा कणकण आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं, ‘खरं सांगितलं की बदली गायिका बघतात. एकदा बघितली की बघितली.’

माझ्या मते या प्रश्नाचं मूळ इथे आहे. आजारी असताना गावं की गाऊ नये, याचा विचार माणूस एकट्याने, मनातल्या मनात करतो. तोही अंगात ताप असताना, म्हणजे डोकं धड चालत नसताना. तिच्यावर कुणीही सक्ती केलेली नव्हती. ‘गाऊ नकोस’ म्हणायची संधीच तिने कुणाला दिली नव्हती, आणि तरी ‘मला गावंच लागलं’ ही भावना शंभर टक्के खरी होती. अशा माणसाला ‘तब्येत आधी, कार्यक्रम नंतर’ असं सांगून काही उपयोग होत नाही. ते त्यालाही पाठ असतं.

ती पुन्हा पुन्हा एक गोष्ट लिहीत होती, ‘स्टेजवर गेल्यावर मला बरं वाटत होतं.’ ते खोटं नव्हतं. दिवे लागले, समोर माणसं दिसली की शरीरात अॅड्रेनलिन वाढतं. नाक मोकळं होतं, वेदना बोथट होते, थकवा मागे हटतो. पण सूज तिथेच असते, ताप कमी होतो तो गोळीपुरता. साधारण मधल्या पट्टीत गाताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात, वरच्या सुराला त्याच्या दुप्पट-तिप्पट. सुजलेल्या तंतूंना नेहमीचा सूर लावायलाही जास्त जोर द्यावा लागतो. सर्दीने कानांना दडे बसलेले, मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज नीट येत नाही, म्हणून माणूस आणखी ताणतो. घसा बधिर करणारी गोळी चघळली की दुखण्याची सूचनाही बंद. शिवाय अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे घसा सुजलेला असताना ती स्वतःच्या मनाने घेऊन गाणं म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढवणं. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गाणं शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्या वर्षातच सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

वाजवणाऱ्यांनी यातून स्वतःला वगळू नये. ड्रमरच्या नाडीचा वेग कार्यक्रमात खेळाडूसारखा चढतो. विषाणूजन्य तापात एवढे श्रम केले तर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. क्वचित येते, पण येते तेव्हा जिवावर बेतू शकते. तापात छातीत दुखलं, धाप लागली, ठोके चुकल्यासारखे वाटले तर काठ्या खाली ठेवायच्या आणि डॉक्टर गाठायचा.

तिच्या मनातला सगळ्यात घट्ट विचार होता, ‘मी बँडसाठी केलं.’ तो मी लगेच खोडून काढायला गेले नाही. दुसऱ्या भेटीत एवढंच विचारलं, “त्या आठवड्यात बाकीचे कसे होते?” मग हळूहळू निघालं. कीबोर्डवाला पुढच्या तीन दिवसांत तापाने पडला, त्याच्या मागोमाग ड्रमर. एकाच गाडीत खिडक्या बंद करून रात्रभरचा प्रवास, कोरससाठी एकच माइक दोघांत. फ्लूसारख्या तापात लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस संसर्ग पसरू शकतो. हे ऐकून ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग लिहिलं, ‘ड्रमरचे दुसरीकडचे दोन कार्यक्रम गेले.’ तिच्या निष्ठेबद्दल मला शंका नव्हती, आणि ते मी तिला सांगितलं. त्या निष्ठेचा फायदा मात्र कुणालाच झाला नव्हता.

आवाज परत आल्यावर, तिच्या परवानगीने, मी अख्ख्या बँडला एकत्र बसवलं. तिला वाटत होतं, सगळे तिच्यावर चिडतील. चिडला तो गिटारवाला, पण वेगळ्याच कारणाने. “कणकण म्हणालीस तू! मी तुला वरच्या पट्टीतली गाणी गायला लावली.” ड्रमर मात्र गप्प होता. शेवटी म्हणाला, “माझं घर या कार्यक्रमांवर चालतं. रद्द करा म्हणणं सोपं आहे.” त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं. पैशाचा विषय बाजूला ठेवून तब्येतीच्या गप्पा मारल्या तर पुढच्या तापाला सगळे पुन्हा ‘जरा कणकण आहे’ म्हणणार. म्हणून आधी पैशाचंच बोललो. प्रत्येक मानधनातला थोडा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि आजारपणात बुडालेल्या कार्यक्रमाची भरपाई त्यातून करायची. आयोजकाशी करार करताना आजारपणाचं आणि तारीख बदलण्याचं कलम आधीच लिहून घ्यायचं. आणि बदली गायिका कोण, हे तिने स्वतः सुचवायचं. या शेवटच्या मुद्द्यावर तिचा चेहरा उतरला होता. पण जिची भीती वाटते ती बाई तिच्याच ओळखीची, तिनेच गाणी बसवून दिलेली असली, तर भीतीचा जोर बराच कमी होतो. झालंही तसंच.

मग सगळे धडधाकट असताना त्यांनी नियम ठरवले. ताप असेल तर कुणीही स्टेजवर जायचं नाही, वाद्य कुठलंही असो. उलट्या-जुलाब असतील तरी नाही. आवाज घोगरा झाला असेल तर गायचं नाही. नुसती सर्दी असेल आणि ताप नसेल तर हलका कार्यक्रम करायचा. निर्णय सकाळीच घ्यायचा, कारण साउंडचेकपर्यंत, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीपर्यंत, थांबलं की लोक यायला लागलेले असतात आणि मग ‘नाही’ तोंडातून निघत नाही. आजारी माणूस ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो ‘हो’ म्हणाला, तरी बाकीच्यांना ‘नाही’ म्हणायची मुभा. हा शेवटचा नियम ड्रमरने सुचवला, आणि मला तो सगळ्यांत आवडला.

थकव्याचा नियम वेगळा करावा लागला, कारण थकव्याला आजारपण म्हणायला कुणी तयार नसतं. त्या दौऱ्यात कार्यक्रम संपवून बास गिटारवाला स्वतः गाडी चालवत होता. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतक्या मंदावतात, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. रात्री वाजवलेल्या माणसाने त्या रात्री गाडी हातात घ्यायची नाही, एवढं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

तिचं स्वतःचं काम मात्र अजून बाकी होतं. तंतू भरून आले, तज्ज्ञांनी गायला हरकत नाही सांगितलं, तरी माइक समोर आला की गळा आवळायचा. धास्तीने स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आखडतात, तेव्हा दुर्बिणीत काही दिसत नाही आणि तरी आवाज लागत नाही. आवाजावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडे तिचे व्यायाम सुरू होते, माझ्याकडे आम्ही पायऱ्या लावल्या. आधी घरात नुसतं गुणगुणणं, मग गिटारवाल्यासमोर दोन गाणी, मग पूर्ण तालीम, मग मोजक्या ओळखीच्या माणसांसमोर. एका पायरीवर धडधड ओसरेपर्यंत पुढची पायरी नाही.

“लोक एकदा विसरले की संपलं,” हे तिचं पालुपद होतं. तिला मी अॅडेल या प्रसिद्ध ब्रिटिश गायिकेचं उदाहरण सांगितलं. 2011 साली स्वरतंतूतल्या रक्तस्रावामुळे तिने अमेरिकेचा दौरा रद्द केला, नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, आणि फेब्रुवारी 2012मध्ये ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या मंचावर ती पुन्हा गायली. त्या रात्री सहा पुरस्कार मिळाले. यावर ती म्हणाली, “ती अॅडेल आहे, मॅडम.” बरोबर आहे. अॅडेलला लोक थांबून राहिले, छोट्या बँडला राहतीलच असं नाही. पण तंतू प्रसिद्धी बघून भरून येत नाहीत, त्यांना विश्रांती सगळ्यांची सारखीच लागते, एवढं तिला पटलं.

काही महिन्यांनी सर्दीत पहिला कार्यक्रम आला. ताप नव्हता, आवाज स्वच्छ होता. त्यांनी गाण्यांच्या पट्ट्या उतरवल्या, सगळ्यात वर जाणारी गाणी काढली, दोन नुसती वाद्यांवर वाजवली, दोन गिटारवाल्याने गायली. मॉनिटर वाढवला. मधलं बोलणंही त्यानेच केलं, कारण गोंगाटावरून बोलताना गाण्याइतकाच घसा ताणला जातो. वन्स मोअर आला, तेव्हा तिने नम्रपणे हात जोडले.

त्यानंतर एकदा कार्यक्रमाच्या सकाळी 102 ताप भरला. या वेळी तिने फोन करून आकडा सांगितला. बदली गायिका गायली, आयोजकाने मानधन थोडं कापलं, ड्रमर दोन दिवस घुश्शात होता. ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. “मी बरोबर केलं ना? मग इतकं अपराधी का वाटतंय?” मी म्हटलं, “वर्षानुवर्षं जे केलं नाहीस ते केलंस, म्हणून. पुढच्या वेळीही वाटेल, थोडं कमी.” त्या बदली गायिकेनेच दुसऱ्या दिवशी तिला फोन करून तब्येत विचारली होती, हे तिने जाता जाता सांगितलं.

तुमच्यावर अशी सकाळ आली तर बँडला मेसेज टाकू नका, फोन करा. मेसेजमध्ये आजार आपोआप सौम्य होतो. थर्मामीटर लावा, आकडा सांगा, काय होतंय ते सांगा आणि बोलणं तिथेच थांबवा: “मला 102 ताप आहे, गिळता येत नाही, मी आज गाणार नाही. दुपारपर्यंत बदली ठरवू.” माफी मागायची असेल तर एकदा मागा. ‘तरी बघते, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं तर’ ही पुस्ती जोडू नका, कारण संध्याकाळी तुम्हाला बरं वाटणारच आहे. आणि आवाज बसून तीन-चार आठवडे झाले तरी सुटला नाही, किंवा गाताना अचानक गेला, तर माझ्याकडे येण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या.