वाचकांचे प्रश्न : लहान ऊर्जाप्रकल्प आणि मोठे पुरस्कार

प्रश्न : नेरुळ येथील आमच्या १२० बिऱ्हाडांच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी बायोगॅस संयंत्र बसवले. रोजचा सुमारे ६० किलो ओला कचरा त्यात जातो आणि निघणारा गॅस शेजारी महिला बचत गट चालवत असलेल्या पोळीभाजी केंद्राला नळीने दिला जातो. विकसनशील देशांतील स्थानिक ऊर्जाप्रकल्पांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळतात असे कळले. आमच्या प्रकल्पाचा तेथे विचार होऊ शकेल काय? अर्जात काय लिहावे?
— सोसायटीच्या सचिव, नवी मुंबई

उत्तर : प्रकल्प लहान आहे म्हणून आपण संकोच करू नये. लंडनमधील ‘ॲशडेन’ ही संस्था २००१ पासून असे पुरस्कार देत आली आहे आणि पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेला, म्हणजेच डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटला, तो दोनदा मिळाला आहे. पहिला २००२ साली, शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी मिळाला. दुसरा २००६ साली, खरकट्यावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी मिळाला आणि तो आपल्या कामाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

गोबरगॅस आपल्याकडे जुना असला, तरी शहरातल्या घरात शेण आणायचे कोठून, या प्रश्नाशी तो अडत असे. डॉ. कर्वे यांनी मांडलेला विचार साधा होता : शेण म्हणजे गुराने अन्नातला पोषक भाग काढून घेतल्यानंतर उरलेला चोथा, मग मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, निर्माण करणाऱ्या जिवाणूंना चोथ्याऐवजी शिळा भात, खराब झालेले पीठ, नासकी फळे असे पचायला सोपे अन्नच का देऊ नये? त्यातून पाण्याच्या बाजारी प्लास्टिक टाक्या एकात एक उपडी बसवून केलेले घरगुती संयंत्र तयार झाले. त्यात शेण लागते ते केवळ सुरुवातीला, विरजणासारखे. कोणत्याही गावात मिळणाऱ्या टाक्यांपासून आणि घरातल्या खरकट्यापासून चूल पेटू शकते, हेच माझ्या मते त्या कामाचे खरे मोल होते.

आता आपल्या अर्जाकडे वळू. संयंत्राची क्षमता, उद्घाटनाची छायाचित्रे आणि पाहुण्यांचे अभिप्राय यांवर पाने भरण्याचा मोह होतो. तो आवर्जून टाळावा. परीक्षकांना काम प्रत्यक्ष चालू आहे काय, त्याचा लाभ कोणाला होतो आणि ते पुढे वाढू शकेल काय, हे पाहायचे असते. आपल्या संयंत्राला गॅसमापक नसेल, तर तो याच आठवड्यात बसवून घ्या. ६० किलो स्वयंपाकघरी कचऱ्यापासून, तो नीट निवडलेला असल्यास, दिवसाला साधारण ५ घनमीटर गॅस मिळावा आणि एक घनमीटर बायोगॅस सुमारे ४०० ते ४५० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. म्हणजे आठवड्याला घरगुती वापराचा एक सिलिंडर वाचायला हवा. केंद्राची संयंत्रापूर्वीची आणि आताची सिलिंडरची बिले शेजारी ठेवून हा हिशोब खरा ठरतो काय ते पाहा. कमी पडत असेल, तर तसेच लिहा आणि कारणही लिहा. लिंबाची साले, कांद्याची टरफले किंवा एकदम फार कचरा पडला, की टाकीतले मिश्रण आंबट होऊन गॅस मंदावतो, हे संयंत्र चालवणारा प्रत्येक जण जाणतो. तो प्रसंग आपण कसा निस्तरला, याचे वर्णन एखाद्या गुळगुळीत परिच्छेदापेक्षा अधिक विश्वास निर्माण करते. संयंत्र किती दिवस बंद राहिले, दुरुस्तीचा खर्च कोणी उचलला, बाहेर पडणारी मळी कोणत्या झाडांना गेली, याचीही नोंदवही असावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. तेव्हा कचरा जिरवला, एवढाच दावा केला तर ते नियमपालन ठरेल. आपला गॅस दहा पावलांवर राबणाऱ्या स्त्रियांच्या शेगडीपर्यंत पोहोचतो, ही आपली वेगळी बाजू आहे. अर्जाची सुरुवात त्या शेगडीपासून करा आणि शक्य असेल तर त्या स्त्रियांनाच बोलू द्या.

पुरस्कारांचे विभाग आणि अटी दर वर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाची सूचना वाचूनच अर्ज भरावा. परिसरातील एखाद्या माध्यमिक शाळेला असे काही उभारायचे असेल, तर अबू धाबीच्या झायेद शाश्वतता पुरस्कारात शाळांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे विद्यार्थ्यांनी आखलेल्या, अजून न उभारलेल्या प्रकल्पाचाही विचार होतो.

प्रश्न : आमच्या मंडळाने शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर ४० घरांना सौरदिवे मोफत दिले. हे काम पुरस्कारासाठी पाठवावे काय?
— एक कार्यकर्ता, ठाणे

उत्तर : तूर्त पाठवू नये, असे मला वाटते. दिवे देणे हे या कामाचे पहिले पाऊल आहे. खरी परीक्षा बॅटरी थकल्यावर होते. बंगळूरच्या ‘सेल्को’ या सौरदिवे पुरवणाऱ्या संस्थेने १९९५ पासून दिव्यांबरोबरच ग्रामीण बँकांकडून कर्जाची सोय आणि जवळपास दुरुस्ती केंद्र यांची सांगड घातली. या संस्थेला २००५ आणि २००७ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला आणि तिचे संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. आपणही पाड्यावरच्या दोघा तरुणांना दुरुस्ती शिकवा, घरटी दरमहा थोडी रक्कम बॅटरीसाठी जमा करण्याचे ग्रामस्थांशी बोलून ठरवा आणि दुसरा पावसाळा सरल्यावर ४० पैकी किती दिवे लागतात ते घरोघरी जाऊन मोजा. तो आकडा हाती आला, की मला पुन्हा लिहा. अर्ज कसा मांडायचा ते तेव्हा पाहू.