आयर्लंडमधल्या क्लोनमॅकनॉइजच्या दफनभूमीत खरंच राजे पुरले आहेत का? त्यांच्या कबरी कुठे दिसतात?

हो, पुरले आहेत. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रोरी ओ'कॉनर ११९८ मध्ये काँगच्या मठात वारला, पण त्याला शॅनन नदीकाठच्या या मठातच आणून पुरलं. त्याचे वडील तुर्लो (मृत्यू ११५६) हेही इथेच आहेत. दोघांची जागा कॅथीड्रलच्या आत, वेदीजवळ. बरेच लोक बाहेरच्या थडग्यांमध्ये राजाचं नाव शोधत फिरतात आणि हात हलवत परततात. म्हणून आधी छप्पर नसलेल्या कॅथीड्रलमध्ये जा, पूर्वेच्या टोकाला उभे राहा.

हे कॅथीड्रल ९०९ मध्ये राजा फ्लान सिना आणि मठाधिपती कोल्मान यांनी बांधलं. पश्चिम दारासमोरचा उंच कोरीव क्रूस मात्र प्रतिकृती आहे. पावसापाण्याने दगड झिजत होता, म्हणून मूळ क्रूस अभ्यागत केंद्रात हलवलाय. तोही पाहा. खांबाच्या तळाशी फ्लानसाठी प्रार्थनेच्या पुसट ओळी आहेत. समोरून काहीच कळत नाही, तिरप्या उजेडात बाजूने पाहिलं की अक्षरं उठून येतात. तिथल्याच थडग्यांच्या शिळांवर 'ओर दो' हे संक्षिप्त शब्द शोधा. अर्थ, 'अमक्यासाठी प्रार्थना करा'. पुढे येतं ते मृताचं नाव.

नन्स चर्च चुकवू नका. ते कुंपणाबाहेर, पूर्वेला थोडं चालत आहे. डर्वोर्गिला या राजकन्येने ते ११६७ मध्ये पूर्ण करून घेतलं, आणि त्याच्या कमानीवरचं कोरीवकाम इथलं सर्वांत देखणं आहे.