शीटमागचे एलईडी सिम्युलेशनमध्ये का दिसत नाहीत?

प्रश्न: नमस्कार. एलईडी पॅनेलचं डिझाइन करतोय. एलईडींच्या पुढे २ मिमी जाडीची दुधी ॲक्रिलिक शीट आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या बाहेरच्या फेसला लॅम्बर्शियन स्कॅटर (प्रकाश विखुरण्याचं एक आदर्श मॉडेल) दिलं तर लांबच्या डिटेक्टरवर उजेड एकदम एकसारखा आला, पण सॅम्पल बनवलं तर प्रत्येक एलईडीचा ठिपका वेगळा दिसतोय. रेज (सिम्युलेशनमध्ये सोडलेले प्रकाशकिरण) वाढवले, तरी रिझल्ट तोच. चुकतंय कुठे?

उत्तर: रेजचा प्रॉब्लेम नाहीये. चौपट रेज टाकले की नॉइज निम्मा होतो, मॉडेल मात्र जसंच्या तसं राहतं.

आधी डिटेक्टर बघा. लांब ठेवलेल्या इल्युमिनन्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते) डिटेक्टरच्या प्रत्येक पिक्सेलवर सगळ्याच एलईडींचा उजेड येतो, त्यामुळे शीट काढून टाकली तरी मॅप बऱ्यापैकी गुळगुळीतच येईल. डोळ्याला दिसतो तो ल्युमिनन्स, म्हणजे पृष्ठभागाचा प्रत्येक भाग बघणाऱ्याच्या दिशेने किती उजळ आहे ते, म्हणून बघणारा जिथे उभा राहणार तिथून शीटकडे रोखलेला ल्युमिनन्स मॅप काढा.

आता मटेरियल. लॅम्बर्शियन म्हणजे किरण कुठल्याही दिशेने येऊ दे, बाहेर पडताना ती दिशा पार पुसली जाते आणि तो पॉइंट सगळीकडून सारखाच उजळ दिसतो, खऱ्या शीटमध्ये तसं पूर्ण होत नाही, काही प्रकाश न विखुरता सरळ निघून जातो. आणि तुमच्या शीटमध्ये विखुरणं नक्की होतंय कुठे, पृष्ठभागावर की आत? हे बघायला शीटवर पाण्याचा एक थेंब टाका, दोन्ही बाजूंनी. थेंबाखालून आरपार दिसायला लागलं तर काम खरखरीत पृष्ठभागाचं आहे, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि ॲक्रिलिकचा १.४९, खड्डे पाण्याने भरले की प्रकाशाला ते जवळजवळ जाणवतच नाहीत. काहीच फरक पडला नाही तर आतले कण प्रकाश विखुरतायत. दुधी शीटमध्ये बहुतेक हेच असतं, मग फेसवर स्कॅटर न देता व्हॉल्यूम स्कॅटर, म्हणजे शीटच्या आतलं विखुरणं, द्यायचं.

त्यात दोन आकडे महत्त्वाचे, मीन फ्री पाथ (किरण एकदा विखुरल्यावर पुन्हा विखुरेपर्यंत सरासरी किती अंतर जातो ते) आणि हेन्ये-ग्रीनस्टाइन या विखुरण्याच्या सूत्रातला जी (विखुरलेला प्रकाश किती पुढच्याच दिशेने जातो ते). समजा मीन फ्री पाथ ०.५ मिमी आहे, तर २ मिमीमधून साधारण १.८ टक्के प्रकाश एकदाही न विखुरता जातो. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं पण तो सगळा एकाच बारीक दिशेत असतो, त्यामुळे एलईडीचा ठिपका डोळ्यात भरतो. जी १ च्या जवळ असेल तर विखुरलेला प्रकाशही फारसा वळत नाही. फक्त टोटल ट्रान्समिशन जुळवून थांबू नका हं, ते या दोन आकड्यांच्या कितीतरी जोड्यांनी जुळतं, कोनाप्रमाणे किती प्रकाश बाहेर येतो तेही मोजलेल्या डेटाशी जुळलं पाहिजे.

सप्लायरकडून बीएसडीएफ फाइल (कुठल्या कोनातून आलेला प्रकाश कुठल्या कोनात किती विखुरतो याची मोजणी) मिळाली तर उत्तमच, पण ती अख्ख्या शीटची मोजणी असते, दोन्ही फेसचं सुमारे ४-४ टक्के परावर्तन त्यातच आलेलं असतं. म्हणून ती एकाच पातळ सरफेसवर लावायची, २ मिमीच्या ॲक्रिलिक ब्लॉकवर लावली तर तोच लॉस दोनदा धरला जातो. शिवाय मोजणी फक्त सरळ आपाताची (शीटवर काटकोनात पडणाऱ्या प्रकाशाची) आहे का तेही विचारा, एलईडीचा प्रकाश शीटवर ६०-७० अंशांनीही पडतो.

पॅनेल लगेच रन करू नका. आधी एकच बारीक बीम आणि शीटचा एक तुकडा एवढंच मॉडेल करा, टेबलावर तोच तुकडा लेझरसमोर धरा आणि मधला ठिपका आणि भोवतीचं वलय जुळेपर्यंत आकडे बदलत राहा.