शाफ्टच्या बाइकचं (चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरतं ती) तेल गळतंय? सील मागवायची घाई नको

भाऊ, सील म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी; ती बदलण्याआधी मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पुसून कोरडा कर, टाल्कम पावडर भुरभुर आणि पाच-सात किलोमीटर फिरून ये. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते, गळती तिथलीच. थेंब पडतो ती जागा फसवते, कारण तेल वाऱ्याने मागं सरकतं. वास घे, गंधकासारखा उग्र असेल तर ते फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं, गिअर ऑइल.

मग ब्रीदर, म्हणजे त्या पेटीतली हवा बाहेर सोडणारं बारीक भोक, बघ. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात धुळीने त्याचं भोक बुजलं, की आतली हवा फुगून चांगल्या सीलमधूनही तेल ढकलते. मी दोन सील वाया घालवल्यावर हे कळलं. तेल जास्त भरलं नाही ना, तेही तपास.

सील काढलंस तर शाफ्टवर नख फिरव. खाच लागली तर नवं सीलही गळेल. टायरवर तेल दिसलं, तर गाडी जागची हलवू नकोस.