तोमोको ओहता यांची वाट आणि तुमचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांतली तीन पत्रं वाचताना मला सारखी एकच बाई आठवत राहिली, म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न: ताई, मला डॉक्टर व्हायचं होतं पण मेडिकलला नंबर लागला नाही, मग बीएस्सी ॲग्री केलं आणि आता एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात रिपोर्ट तयार करायचं काम करते. कामात मन लागत नाही. मला जेनेटिक्समध्ये, त्यातही उत्क्रांतीवर रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात आता काय वय राहिलंय का, पंचवीस झाली. खरंच उशीर झालाय का? (जालना)

उत्तर: अजिबात नाही झाला, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. जपानच्या जनुकशास्त्रज्ञ तोमोको ओहता यांचं करिअर बघ. जन्म १९३३चा, त्यांनाही मेडिकलला जायचं होतं, प्रवेश परीक्षेत नाही जमलं, मग टोकियो विद्यापीठात शेतीशास्त्र घेतलं, १९५६ला डिग्री मिळाली आणि पहिली नोकरी कुठे, तर एका प्रकाशन कंपनीत! तिथे मन रमेना म्हणून किहारा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या, म्हणजे गव्हाच्या क्रोमोसोमवर काम करणाऱ्या हितोशी किहारांच्या संस्थेत, आणि गहू आणि शुगर बीटच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघत बसल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडीला गेल्या त्या १९६२ला, तेव्हा तिशीला टेकल्या होत्या. आणि तिथे जाऊन चक्क विषय बदलला. वनस्पतींचं सायटोजेनेटिक्स, म्हणजे पेशीतल्या क्रोमोसोमचा अभ्यास, सोडून केन-इची कोजिमांच्या हाताखाली पॉप्युलेशन जेनेटिक्स, म्हणजे एखाद्या जातीत जीनमधले बदल पिढ्यानपिढ्या कसे पसरतात याचा अभ्यास, जवळपास सगळं गणितच. १९६६ला पीएचडी झाली, १९६७ला जपानला परत आल्या आणि मिशिमा गावातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जेनेटिक्समध्ये न्यूट्रल थिअरी मांडणाऱ्या मोटू किमुरांच्या ग्रुपमध्ये दाखल झाल्या (ही थिअरी काय ते पुढच्या उत्तरात). पुढचं सगळं आयुष्य तिथेच. प्रोफेसर मात्र झाल्या थेट १९८४ला, पन्नाशीत, आणि तोपर्यंत त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम, 'निअरली न्यूट्रल' थिअरी, होऊन अकरा वर्षं उलटली होती.

तुझ्यासाठी सरळ रस्ता म्हणजे एमएस्सी ॲग्री, जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग. राहुरी, परभणी, अकोला, दापोली, चारही कृषी विद्यापीठांत हा विषय आहे. पण एक कर, ॲडमिशनची वाट न बघता आजपासून स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग शिकायला घे. या विषयात शेवटी तेच कामाला येतं आणि ॲग्रीची बहुतेक मुलं नेमकी तिथेच अडतात. घरच्यांना ओहताबाईंचं हे सगळं वाचून दाखव, वयाचा मुद्दा निदान थोडा बाजूला पडेल.

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजात झूलॉजी शिकवतो. न्यूट्रल थिअरीचा विषय निघाला की मुलं विचारतात, मग डार्विन चुकला का? आणि ओहतांची 'निअरली न्यूट्रल' थिअरी तर आमच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. जरा सोपं करून सांगाल का? (सांगली)

उत्तर: सर, मुलांना आधी एवढं सांगा की हत्तीची सोंड, पक्ष्याचा पंख यांच्याबद्दल डार्विनला कुणी आव्हान दिलेलं नाही. न्यूट्रल थिअरी मांडणारा किमुरांचा १९६८चा पेपर होता डीएनए आणि प्रोटीनमधल्या बदलांबद्दल. त्यांनी हिशोब मांडला की सस्तन प्राण्यांच्या जीनोममध्ये दर दोनेक वर्षांनी एक नवा बदल सगळ्या जातीत कायमचा बसतोय. आणि ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन, तेच जे पुढे भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९५७लाच दाखवलं होतं की डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या जोरावर एक बदल बसायला सरासरी तीनशे पिढ्या लागतात. मग एवढे बदल निवडीने बसणं शक्यच नाही. म्हणून किमुरा म्हणाले की बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसते योगायोगाने पसरतात.

ओहतांना इथे एक गोष्ट खटकली, आणि मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे. म्युटेशन, म्हणजे डीएनएतले नवे बदल, जर पिढीगणिक होत असतील तर उंदराची प्रोटीन्स हत्तीपेक्षा कितीतरी पट वेगाने बदलायला हवीत, कारण उंदराच्या वर्षाला काही पिढ्या होतात आणि हत्तीची एक पिढी व्हायला वीसेक वर्षं जातात. पण प्रोटीन्सचा डेटा बघितला तर वेग वर्षांच्या हिशोबाने बराचसा सारखाच येत होता. १९७३ला 'नेचर'मध्ये एकटीच्या नावावर आलेल्या छोट्याशा पेपरात त्यांनी उत्तर दिलं की बरेच बदल पूर्ण न्यूट्रल नसतात, ते किंचित तोट्याचे असतात. आता वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडा. समजा एखाद्या बदलाचा तोटा दहा हजारात एक एवढाच आहे. प्रजननक्षम संख्या एक हजार असेल तर तोटा आणि संख्या यांचा गुणाकार येतो ०.१, म्हणजे एकपेक्षा कमी, म्हणजे निवडीला तो बदल दिसतच नाही आणि तो योगायोगाने पसरू शकतो. संख्या दहा लाख असेल तर गुणाकार येतो १००, मग निवड त्याला जवळपास हमखास काढून टाकते. उंदरांची संख्या प्रचंड, म्हणून त्यांच्यात म्युटेशन जास्त होतात पण गाळलेही जास्त जातात, हत्तींची संख्या थोडी, म्हणून म्युटेशन कमी पण टिकतात जास्त, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. म्हणजे डार्विनची निवड आणि किमुरांचा योगायोग दोन्ही आहेत, कुणाचं चालणार ते लोकसंख्येवर ठरतं. पुस्तकं यावर दोनच ओळी देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वर्गात प्रॅक्टिकलच घ्यायचं असेल तर माणूस, उंदीर, गाय यांच्या हिमोग्लोबिनच्या जीनचे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, जेनबँक या ऑनलाइन साठ्यातून फुकट मिळतात आणि मासातोशी नेई, सुधीर कुमार, कोइचिरो तामुरा यांचं सिक्वेन्सची तुलना करणारं 'मेगा' सॉफ्टवेअरही फुकटच आहे. अमिनो ॲसिड बदलणारे आणि न बदलणारे बदल वेगवेगळे मोजायला लावा, एवढं केलं तरी मुलांच्या डोक्यात बराच उजेड पडेल.

प्रश्न: ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे गाईड आमच्या विषयातलं मोठं नाव आहेत, पण माझा डेटा त्यांच्या मॉडेलशी पूर्ण जुळत नाहीये. बोलायची भीती वाटते. (पुणे)

उत्तर: बोल, पण तयारीने बोल. किमुरा म्हणजे तेव्हा या विषयातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव, आणि ओहता त्यांच्याच ग्रुपमध्ये बसून त्यांच्याच थिअरीत बदल सुचवत होत्या. किमुरांचा ओढा शेवटपर्यंत शुद्ध न्यूट्रलकडेच राहिला. तरी दोघांनी भांडून वाटा वेगळ्या केल्या नाहीत, दोघांच्या नावाने कितीतरी पेपर आले. जिथे मत वेगळं होतं ते बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलं, आणि मधल्या काळात जीन फॅमिलींवर, म्हणजे एकाच जीनच्या अनेक कॉपी एकत्र कशा बदलतात यावर, वेगळं भक्कम काम उभं केलं, त्यामुळे त्यांचं सगळं करिअर एकाच वादावर टांगलेलं नव्हतं. मग डीएनए सिक्वेन्स भरपूर मिळायला लागले तेव्हा १९९५ला त्यांनी सस्तन प्राण्यांच्या ४९ जीन्स घेऊन तपासलं. प्रोटीन न बदलणाऱ्या, म्हणजे निवडीला जवळपास न दिसणाऱ्या, बदलांमध्ये पिढीच्या लांबीचा फरक ठळक दिसला आणि प्रोटीन बदलणाऱ्यांमध्ये कमी, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं तसंच. जपानमध्ये स्त्री शास्त्रज्ञांसाठीचं सारुहाशी प्राइझ १९८१ला सुरू झालं तेव्हा पहिलंच त्यांना मिळालं होतं, पण क्राफूर्ड प्राइझ, म्हणजे स्वीडनचा मोठा विज्ञान पुरस्कार, आलं ते २०१५ला, अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांच्यासोबत, वयाच्या ऐंशीनंतर.

तू आधी डेटा पुन्हा एकदा चालवून बघ, शक्यतो लॅबमधल्या दुसऱ्या कुणाला तरी तोच कोड चालवायला दे. मग 'मॉडेल चुकलंय' असं न म्हणता कुठल्या परिस्थितीत मॉडेल जुळतं आणि कुठे सुटतं याचे दोन ग्राफ घेऊन गाईडकडे जा, आणि वेळ मागून जा, कॉरिडॉरमध्ये गाठू नकोस. त्यांना नाही पटलं तर ॲडव्हायझरी कमिटीच्या पुढच्या मीटिंगला तेच ग्राफ ठेव. मीटिंगची तारीख आत्ताच विचारून घे, तिसऱ्या वर्षाला एक मीटिंग हुकली की सहा महिने जातात.